शिंपल्यांचा चुरा, वेगळ्या वाटीत

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा अंडं हातातच गेलं! फुटलं म्हणावं तर कवचच नव्हतं. नुसता पापुद्रा. उचलायला गेले तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबलं आणि बोटांतून गळालं. काळीचं होतं, आमच्या काळ्या कोंबडीचं. भुरीचं जरा बरं होतं, पण उकळत्या पाण्यात सोडल्याबरोबर तडकलं आणि पांढरं बाहेर आलं.

मृण्मयीने ताटलीकडे बघितलं. "हे तडकलंय." बस्. खुर्ची मागे सरकवून उठली.

एक उकडलेलं अंडं. दिवसभरात माझी मुलगी निमूटपणे खाते ती एवढी एकच गोष्ट. बाकी पोळीचा तुकडा, दोन घास भात — ताटात इकडून तिकडे फिरवत बसते. आणि आज तेही गेलं. एका कवचापायी!

४ नोव्हेंबर

लिहून काढते. डोक्यात सारखं तेच ते फिरत राहतं त्यापेक्षा बरं.

ऑगस्टमध्ये ती इंदूरहून परत आली, कोचिंग सोडून. हॉस्टेलची मेस तिने कधीचीच बंद केली होती, आम्हाला पत्ताच नव्हता. मी रोज फोनवर विचारायचे, जेवलीस? ती म्हणायची, हो. आणि मी त्या 'हो'वर फोन ठेवून द्यायचे. स्टेशनवर उतरली तेव्हा श्रीधर तिच्या शेजारून पुढे निघून गेला. बापाने लेकीला ओळखलं नाही!

डॉक्टरचं नाव काढलं की खोलीचं दार बंद. "मला काही झालेलं नाहीये." मग मी एकटीच जाऊन आले एका डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, तिला आणा, तिला बघितल्याशिवाय मी काय सांगणार. कशी आणू? अठरा वर्षांची आहे. कडेवर घेऊ?

कोंबड्या तिनेच मागितल्या. "कोंबडी काय खाते ते मला दिसलं तर मी अंडं खाईन." श्रीधर दुसऱ्याच दिवशी घेऊन आला — तीन अंडी देणाऱ्या, आणि अजून अंड्यावर न आलेली एक लहान तलंग. भुरी, काळी, तांबडी आणि ठकी. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि मागच्या अंगणात खुराडं! सासूबाई असत्या तर... जाऊ दे. त्या असत्या तर त्यांनीच आधी आणल्या असत्या. नातीवर भारी जीव होता.

६ नोव्हेंबर

रांगोळी काढली, पाण्याचा तांब्या आणायला आत गेले, परत येते तो काळी आणि तांबडी दोघी रांगोळीवर! टकाटक टोचताहेत. दोन पावलं साफ झालेली.

शेजारच्या भाभीजी गच्चीवरून ओरडल्या — "अरे दीदी, आपकी मुर्गियाँ तो लक्ष्मीजी के पाँव खा गईं!"

मृण्मयी दारात आली. हसली. खरंच हसली! दात दिसले. मग म्हणाली, "त्यांना कॅल्शियम हवंय, आई. नाहीतर कवच कशाचं करतील?"

म्हणजे बिचाऱ्या दारातली पांढरी रेघ खाऊन कवच करायला निघाल्या होत्या. हाकललं त्यांना. बाजारच्या रांगोळीत काय काय असतं कोण जाणे. उद्या शाळेतले माझे तास संपले की देवास गेटला जाते, तिथे पशुआहाराची दुकानं आहेत.

७ नोव्हेंबर

दुकानदाराने विचारलं, "कितनी मुर्गियाँ हैं?"

"चार."

"चार के लिए इतनी परेशान हो रही हो, बहनजी?" त्याचा मुनीमही हसला. हसू देत.

शिंपल्यांचा चुरा दिला त्याने. मऊ नाही, खडबडीत, करड्या-पांढऱ्या कपच्या. पिशवीत हात घालून बघितलं तर वाळूसारखा वास. समुद्र कुठे आणि आमचा माळवा कुठे! गुरांना देतात ते पातळ कॅल्शियमही घेतलं. कसं द्यायचं ते तो सांगत होता, पण मागे टेम्पोवाल्याने हॉर्न धरून ठेवला होता. मी "हाँ भैया, हाँ" करत निघाले.

घरी आल्यावर साठवलेली टरफलं तव्यावर भाजली, खलबत्त्यात कुटली. मक्याचा भरडा भिजवला. चुरा, टरफलांची पूड, ते पातळ औषध — सगळं परातीत घेतलं आणि हाताने कालवलं. मऊ, एकजीव. मृण्मयी लहान असताना वरणभात कालवायचे तसं. चौघींना घातलं. तिघी तुटून पडल्या. ठकीने चोच लावली आणि मागे सरली. तिला मांडीवर घेतलं, मान धरली आणि चिमटीचिमटीने भरवलं. खाल्लंन शेवटी!

मिसळणं मला छान जमतं. वरणात तूप घालायचं आणि ते इतकं घोटायचं की तवंग दिसता कामा नये. दह्यात दुधाची पावडर. पोळीच्या कणकेत लोणी. भाजीत दाण्याचं कूट, गंधासारखं बारीक वाटून. मृण्मयी दोन घास खाते ना — ते दोन तरी घट्ट असू देत!

"यात काय आहे?" ती रोज विचारते.

"काही नाही गं. नेहमीचंच."

माझी आई कडू गोळी गुळात चुरडून द्यायची. तीही हेच म्हणायची. काही नाही गं त्यात, खा.

१० नोव्हेंबर, सोमवार

सवारी. देवाची पालखी निघाली, रस्ते बंद. श्रीधरला बँकेतून घरी पोचायला फ्रीगंजापासून वळसे घालत यावं लागलं.

मधल्या सुट्टीत वर्गात उगीच रेंगाळले. दहावीच्या मुली डबे खात होत्या. एकीने दुसरीच्या डब्यातला पराठा पळवला, तिसरीने लोणच्याचं तेल बोटाने पुसून चाटलं. मी बघतच राहिले. एक पोरगी म्हणाली, "मॅम, आप भी लीजिए ना!" मला एकदम रडू आलं. खोकल्याचं निमित्त करून बाहेर आले.

१३ नोव्हेंबर

कवच आलं! टणक! नखाने वाजवलं, कानाशी धरून वाजवलं. काळीचं सुद्धा.

उकडलं. तडकलं नाही. मृण्मयीने स्वतः सोललं, टरफलाचा एक एक तुकडा काढून ताटलीच्या कडेला लावला, आणि सगळं खाल्लं. पिवळ्यासकट.

श्रीधर म्हणाला, "थोडा चुरा स्वतःसाठी पण ठेव. जिना चढताना तुझे गुडघे वाजतात." मग स्वतःच पुढे — "आमच्या सौ. आता कोंबड्यांच्या फॅमिली डॉक्टर!" मृण्मयी म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसा." पण चिडून नाही म्हणाली.

आज मी गुणगुणत भांडी घासली.

१६ नोव्हेंबर, रविवार

श्रीधरने पोहे-जिलबी आणली. प्रत्येक रविवारी आणतो. तिला लहानपणी आवडायची म्हणून.

मी मृण्मयीला विचारलं, "वाढू थोडे पोहे?" तो माझ्यावरच करवादला — "अगं, वाढ की सरळ! विचारतेस काय? विचारल्यावर कोण हो म्हणतं?" आणि जिलबीचा एक तुकडा त्याने स्वतःच तिच्या ताटात ठेवला. "एवढीशी. माझ्यासाठी, राजा."

ती त्या तुकड्याकडे बघत बसली. इतका वेळ, की शेवटी त्यानेच उचलून तो खाऊन टाकला. मग बाहेर गेला. मला वाटलं दुकानात गेला असेल. खिडकीतून बघितलं तर अंगणात स्कूटरवर बसलेला. स्कूटर सुरू न करता.

१९ नोव्हेंबर

घरात असले की शाळेत जावंसं वाटतं, शाळेत असले की घरी पळावंसं वाटतं. आज दुसरा तास चालू असताना मध्येच आठवलं, वरणात तूप घातलं की नाही? फळ्यावर माळव्याचं पठार काढत होते. नर्मदा उलट्या दिशेने वाहवली! मुलींनी तशीच वहीत उतरवून घेतली. त्यांना घरचं ठाऊक असावं.

२४ नोव्हेंबर

ठकीला बरं नाही. पिसं फुगवून कोपऱ्यात बसते. सारखी पाणी पिते, दाण्याकडे बघत नाही. शीट पांढरी, पातळ, पाण्यासारखी.

अशक्तपणा असेल. तिच्या वाट्याचा चुरा थोडा वाढवला, औषधाचे चार थेंब जास्त घातले. भरवलं.

मृण्मयी खुराड्याशी बसून होती. म्हणाली, "तिला नकोय ते, आई." मी म्हटलं, "नको म्हणून कसं चालेल? न खाता कशी उभी राहणार?"

माझाच आवाज मला कसातरी वाटला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. मृण्मयी आपणहून आली. ठकीला ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं होतं तिने.

डॉक्टर शैलेंद्र मराठीच निघाले. ठकीचं पोट दाबून बघितलं, चोच उघडून बघितली. "खायला काय देता?"

मी सांगितलं. जरा अभिमानानेच सांगितलं — भाजलेली टरफलं, शिंपल्यांचा चुरा, पातळ कॅल्शियम, सगळं भरड्यात छान कालवून.

"चौघींना?"

"हो."

"ही अजून अंड्यावर आलेली नाही, ताई."

"नाही. पण तिलाही ताकद..."

त्यांनी ठकीला माझ्याकडे नाही, मृण्मयीकडे परत दिलं. "अंडी देणारीला चुरा लागतोच. पण तो वेगळ्या भांड्यात ठेवायचा. दाण्यात मिसळायचा नाही. जिला हवा ती येते, हवा तेवढा खाते आणि जाते. कोंबडीला ते कळतं. हिला एवढं कॅल्शियम झेपत नाही, किडन्या जातात. तुम्ही मिसळलंत, म्हणजे तिला सोडून द्यायची सोयच ठेवली नाहीत."

मी काहीतरी बोलणार होते. त्याआधी मृण्मयी बोलली. शांतपणे, ठकीच्या डोक्यावरून बोट फिरवत.

"आई सगळ्यातच मिसळते."

डॉक्टर हसले. त्यांना गंमत वाटली असणार. मी मात्र पर्स उघडून फीचे पैसे मोजत राहिले.

२७ नोव्हेंबर

ठकी गेली. सकाळी खुराड्यात आडवी पडलेली. मृण्मयीने पेरूखाली खड्डा खणला. मी कुदळ घ्यायला गेले, तिने दिली नाही. धाप लागत होती तिला. चार घाव घालायची, थांबायची. दंडाचं नुसतं हाड दिसत होतं, आणि मी हात बांधून उभी.

३० नोव्हेंबर, रविवार

आज बोलली. मी कणीक भिजवत होते. लोणी काढलं नव्हतं. आज खरंच काढलं नव्हतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "आज नाही घातलंस?"

किती दिवसांपासून माहीत होतं तिला!

"पहिल्यापासून," म्हणाली. "दही जिभेला पिठूळ लागतं. वरणाचा वास हाताला राहतो. मी विचारायचे तेव्हा तू डोळ्यांत बघून सांगायचीस — काही नाही गं."

"तुझ्यासाठीच ना..."

"मला माहितेय माझ्यासाठी. पण मग मला कळतच नाही मी काय खातेय. मला भीती वाटते, आई. प्रत्येक घासाची. तुझ्या हातच्या घासाची जास्त."

माझे हात कणकेत. धुवायचंही सुचेना.

"अंडं कसं खातेस मग?"

"अंडं बंद असतं ना. त्यात तुला काही घालता येत नाही."

मला वाटायचं, ताकद येते म्हणून खाते. मला वाटायचं, कुठेतरी वाचलं असेल तिने. आणि मी ते कवच टणक करायला गावभर फिरत होते!

१ डिसेंबर

आज तिचं फक्त अंडं आणि काकडी. काकडी स्वतः धुतली, स्वतः चिरली. माझ्या सुरीने नाही, वेगळी काढली.

श्रीधर म्हणाला, "काय झालंय तुम्हा दोघींत?" सांगितलं. मला वाटलं रागावेल. हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाला, "मीच तर म्हणायचो, घाल म्हणून." एवढंच.

३ डिसेंबर

स्टीलची जुनी वाटी तारेने खुराड्याच्या जाळीला बांधली. त्यात नुसता शिंपल्यांचा चुरा. दाणा वेगळा.

दुपारभर खिडकीत उभी. कोणी फिरकेना! भुरी वाटीवरून उडी मारून पलीकडे गेली. एवढासा तरी दाण्यावर भुरभुरावा, असं इतकं वाटलं की दोन्ही हात मागे घेऊन एकमेकांत अडकवले. उन्हं उतरल्यावर काळी आली. मान तिरकी करून बघितलं, एक कपची उचलली, टाकली, दुसरी उचलली. गिळली. मग तांबडी आली. भुरी आलीच नाही.

येईल. नाही आली तर — नाही आली.



४ डिसेंबर

जेवायला बसताना मीच बोलले. "वरणात एक चमचा तूप आहे. दह्यात काही नाही. कणकेत तेलाचं मोहन आहे, लोणी नाही. भाजीत कूट आहे, पण दिसेल एवढं जाडसर."

श्रीधर म्हणाला, "हे काय! आकाशवाणी, इंदूर?"

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. "खरं?"

"खरं."

दही दोन चमचे घेतलं. वरणाची वाटी हाताने दूर सारली. सगळीच्या सगळी! पूर्वी निदान चार चमचे पोटात जायचे, चोरून का होईना. मी वाटी उचलली आणि काही न बोलता आत ठेवली. काही न बोलणं हे एवढं कष्टाचं काम असतं, ठाऊक नव्हतं.

५ डिसेंबर

वरण परत आलं.

६ डिसेंबर

परत.

९ डिसेंबर

"तूप किती?"

"अर्धा चमचा."

"दाखव."

चमचा दाखवला. तूप तिच्यासमोर वरून सोडलं, पिवळा तवंग तसाच ठेवला. तिने चमच्याने तो बाजूला केला आणि खालचं वरण खाल्लं. अर्धी वाटी! मी पाण्याचा जग भरायच्या निमित्ताने उठले. जग भरलेलाच होता.

श्रीधर आता तिच्या ताटात काही ठेवत नाही. आज फक्त म्हणाला, "मटारची उसळ आहे, मी घेतोय." ती म्हणाली, "घ्या." दोघंही ओशाळल्यासारखे हसले.

१२ डिसेंबर

थंडी वाढलीये. आमच्या दोघांच्या अंगात एकेक स्वेटर, तिच्या अंगात तीन, तरी बोटं निळी.

एक गोष्ट टोचतेय. अंडं रोज जातंय. दही जातंय. वरण थोडंफार. मग अंगाला का लागत नाही? उलट आणखी वाळल्यासारखी दिसते. श्रीधरला विचारलं तर म्हणाला, "वेळ लागतो गं." त्यालाही टोचत असावं, कारण लगेच खोलीतून उठून गेला.

विचारू का तिला? विचारायचं तर कसं विचारू? इंदूरच्या फोनसारखं — जेवलीस? हो! — तसं नको. न विचारता राहवत नाही. विचारलं तर पुन्हा दार बंद होईल.

१३ डिसेंबर

नाही विचारलं.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी पोळ्या लाटत होते. मृण्मयी ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मी पण एक सांगू?" आणि सांगितलं. जे खाते ते ती पोटात राहू देत नाही. काहीच नाही. अंडंसुद्धा. इंदूरपासून. "आता माझ्या हातात नाही राहिलं, आई. मला त्या डॉक्टरीणबाईंकडे ने."

रिक्षा बोलावलीये. श्रीधर बँकेत न जाता कुलूप शोधतोय. ती चपला घालून दारात उभी आहे, मला म्हणतेय, चल ना.